नादविदारक यंत्र आणि पंचायतीचा रेडिओ

४ ऑक्टोबर १९६७, बुधवार
शाळेचे खडू आणायला उमरखेडला गेलो. खडू राहिले. रामलालच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात रेडिओ सिलोन लागलं होतं आणि त्यावर एक इंग्रजी रेकॉर्ड. त्यातलं गिटार असं वाजत होतं, जणू कापसाच्या जिनिंगची मशीन गळा काढून गाते आहे. अंगावर काटा आला. नागपूरचा मेहुणा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्याने पत्रात लिहिलंच होतं की परदेशात एक डबी निघाली आहे, पायाने दाबली की गिटारचा गोड आवाज फाटतो. त्याच्याकडे ती नाही. नागपुरात कोणाकडेच नाही.
रामलालला विचारलं, इथे बनवता येईल का. म्हणाला, "गुरुजी, लोक माह्याकडे रेडिओची घरघर काढाले येतात. तुमी घालाले आले."
सामान्य माणसाला दृष्टी नसते.
संकल्प: २६ जानेवारीच्या कार्यक्रमात स्वतः बनवलेल्या यंत्रावर गिटार वाजवायचं. मेहुण्याला निमंत्रण द्यायचं.

७ ऑक्टोबर
यंत्राचं नाव ठरलं: नादविदारक. डब्यासाठी बायकोचा, इंदूचा, बिस्किटांचा टीन घेतला. त्यात जिरं-मोहरी होती म्हणे. ती आता कागदात आहे. इंदू बोलत नाही.
गिटार मेहुण्याचंच जुनं. त्याच्या पोटाला माईक चिकटवला. मला तीन गाणी येतात. दोन पूर्ण.

१४ ऑक्टोबर
रामलालने एक जुना ट्रान्झिस्टर दिला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, तीन पायांचा. आवाज मोठा करणं, फाडणं, सगळं त्या दाण्याच्या हातात. गावात वीज नाही, म्हणून कथलाचा डाग द्यायची सळई चुलीत तापवली. सळई टेकवली आणि दाणा मेला.
चूक माझी नाही. इंदूने चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या जास्त घातल्या होत्या.

२३ ऑक्टोबर
रामलाल म्हणतो, नवे दाणे नागपूरहून येतील, दिवाळीनंतर. दिवाळीनंतर म्हणजे कधी, विचारलं. "आले का आले."
संशोधकाच्या वाट्याला हेच येतं.

६ नोव्हेंबर, सोमवार
ग्रामपंचायतीचा सरकारी रेडिओ आठ दाण्यांचा आहे. सहज लक्षात आलं म्हणून नोंद.
हा रेडिओ लावायचं काम पूनमसिंगकडे. बंजारा तांड्यावरचा म्हातारा माणूस, अंगठाबहाद्दर, पण दिवसभराची कामं त्या वेळेवर बेततो. संध्याकाळी पंचायतीच्या ओट्यावर येतो, पागोट्याच्या टोकाने रेडिओ पुसतो, किल्ली लावून कपाट उघडतो आणि बटन असं फिरवतो, जसं कोणी झोपलेलं लेकरू कुशीवर वळवावं. बातम्या झाल्या की तांड्यावरच्या म्हाताऱ्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगतो. पाऊस कुठे, कापूस कसा, लढाई थांबली का. कधीकधी बातमीपेक्षा त्याचं सांगणं लांबतं.
दुसरी किल्ली माझ्याकडे असते. रेडिओ मंडळाचा सचिव मीच आहे.

७ नोव्हेंबर, दुपार
रीतसर केलं. शिक्षक या नात्याने सचिवाकडे अर्ज लिहिला: वैज्ञानिक प्रयोगासाठी दोन ट्रान्झिस्टर तात्पुरते मिळावेत. सचिव या नात्याने मंजूर केला. फाईलला लावला. यात लपवाछपवी काय आहे?
मधल्या सुट्टीत ओट्यावर कोणी नव्हतं.

८ नोव्हेंबर
रेडिओ लागला नाही. पूनमसिंगने सेल काढून उन्हात ठेवले, पुन्हा घातले. कान लावून बसला. मला विचारलं, "काहून बोलत नसन गुरुजी?" म्हटलं, हवामान.

१२ नोव्हेंबर, रविवार
सरपंच विठ्ठलरावांनी सगळ्यांसमोर मला तपासायला सांगितलं. गावात विज्ञान मलाच येतं. झाकण उघडलं. दोन रिकाम्या जागा मला दिसत होत्या, दुसऱ्या कोणाला दिसणं शक्य नव्हतं. बराच वेळ आत बघत राहिलो. शेवटी म्हणालो, "अति हाताळणी."
मी कोणाचं नाव घेतलं नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.
विठ्ठलरावांनी पूनमसिंगकडून किल्ली मागून घेतली. तो म्हणाला, "म्या त लेकरावानी हात लावतो त्याले." त्याने कमरेच्या करगोट्याची गाठ सोडली. किल्ली तिथे बांधलेली असायची. म्हातारी बोटं, गाठ सुटायला वेळ लागला. मी घड्याळ बघितलं.
प्रयोग होताच दाणे परत. फार तर पंधरा दिवस.

२५ नोव्हेंबर
यश! कानाला लावायच्या भोंग्यात आवाज फाटला. हुबेहूब जिनिंग. इंदूच्या कानाला लावला. म्हणाली, "बिघडला वाटते."
दाणे आता परत करता येत नाहीत. यंत्र चालू आहे. चालू यंत्र मोडणं अशास्त्रीय.

९ डिसेंबर
पंधरा दिवसांची मुदत २६ जानेवारीपर्यंत वाढवली. अर्जावर तशी नोंद केली.

१४ डिसेंबर, गुरुवार
पेपर आला. कोयनेला सोमवारी मोठा भूकंप झाला. सोमवारी. आज गुरुवार.
पूनमसिंगची मुलगी रुपी आणि जावई धरणाच्या कामावर तिकडेच आहेत. एसटीच्या कंडक्टरकडून काहीतरी कानावर आलं म्हणून तो आणि त्याची बायको धनीबाई शाळेत आले. म्हणाले, पेपर वाचून दाखवा. वाचला. पडलेली घरं वाचली. मेलेल्यांचा आकडा आला तिथे थांबलो. पूनमसिंग म्हणाला, "वाचा." वाचला.
धनीबाई नवऱ्याकडे वळून म्हणाली, "रेडिओ असता त सोमवारीच समजलं असतं. तुमी मोडला नसता त." त्याने मान खाली घातली. माझ्यासमोर.
मी पेपरची घडी घातली. नीट बसेना. पुन्हा घातली.

१५ डिसेंबर
पूनमसिंग पहाटेच महागावला चालत गेला. तिथल्या हॉटेलात रेडिओ आहे. दुपारभर दाराशी बसला. रेडिओवर गावांची नावं सांगतात, माणसांची नाही. चालत परत आला.
वर्गाला त्रैराशिक दिलं आणि खिडकीपासून लांब बसलो, कारण खिडकीतून तांड्याची वाट दिसते.

१६ डिसेंबर
दाणे परत बसवायला काढले. एकाचा पाय तुटला. म्हणजे आता करायचं म्हटलं तरी करता येत नाही. दुसऱ्या प्रकारे बघितलं तर निर्णयाचं ओझं उतरलं.
जेवण गेलं नाही. इंदूने विचारलं. म्हटलं, पित्त.

२० डिसेंबर, बुधवार
पोस्टकार्ड आलं. रुपी वाचली. हाताला मार आहे, जावई बरा आहे. मीच वाचून दाखवलं. धनीबाईने तीनदा वाचायला लावलं. मग तिने पदरातला गूळ काढून माझ्या हातावर ठेवला. चांगली बातमी सांगणाऱ्याचं तोंड गोड करतात. खाल्ला.
एकूण विचार करता नुकसान काही झालं नाही. ते सहा दिवस सोडले तर.

१० जानेवारी १९६८
तुटक्या पायाला तार जोडून दाणा यंत्रात पुन्हा बसवला. चालतो. त्याच हातांनी रेडिओतही बसवता आला असता, असा विचार आला. पण कार्यक्रम सोळा दिवसांवर आहे.

२६ जानेवारी, शुक्रवार
झेंडावंदन झालं. मेहुणा आला नाही. मंडपवाल्याचा लाउडस्पीकर बॅटरीवर होता. माझ्या गिटारपासून त्याच्यापर्यंत लांबच लांब वायर, लिंबावरून नेलेली. पहिलं गाणं साधं वाजवलं. मग टीनवर पाय दिला.
आधी घरघर. समोरची पोरं कानावर हात ठेवून हसली. आणि मग त्या घरघरीतून एक माणूस बोलायला लागला. हिंदीतून. दिल्लीच्या परेडचं धावतं वर्णन! माझ्या यंत्राने आकाशवाणी पकडली होती. लांब वायरची एरियल झाली असणार. मी तारा छेडत होतो आणि भोंग्यातून पलटणी चालल्या होत्या. पाय काढला की बंद. कोणीतरी ओरडलं, "गुरुजी, दाबा, दाबा!" दाबला. विठ्ठलराव सावधान उभे राहिले, म्हणून सगळं गाव उभं राहिलं. पूनमसिंग डोळे पुसत होता.
परेड संपल्यावर विठ्ठलराव माईकवर म्हणाले, आपला रेडिओ मोडला तर वामन गुरुजींनी गावासाठी स्वतःच्या डोक्याने रेडिओ बनवला. हार घातला.
मी हात जोडले. बोलायची ती वेळ होती. हार ओला होता, मानेवरून पाणी ओघळत होतं. मी हात जोडूनच उभा राहिलो.

३० जानेवारी
ठराव झाला: गुरुजींनी रोज संध्याकाळी गावाला बातम्या ऐकवाव्यात. मंडपवाल्याने लाउडस्पीकर आठवडाभर ठेवला आहे. ओट्यावर उभा राहून टीनवर पाय दाबून ठेवतो. आवाज येतो, जातो. पायाला गोळे येतात. पूनमसिंग रोज बाजेवर उभा राहून वायरचं टोक हाताने उंच धरतो, तेवढी बातमी साफ येते. म्हणतो, "म्या बिघाडलं, एवढं त करू द्या."

२ फेब्रुवारी
सांगितलं. शेवटी सांगितलं. दुपारी त्याच्या शेतात गेलो. तो तुरीच्या पेंढ्या बांधत होता. सगळं सांगितलं: दाणे मी काढले, तू काही मोडलं नाहीस.
त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गुरुजी, माह्यावर आलेलं तुमी आपल्या डोक्यावर घेऊन राह्यले. असा मानूस म्या पाह्यला नाई." आणि पाया पडायला वाकला.
मी पाय मागे घेतले. जरा उशिरा.

३ फेब्रुवारी
सत्य सांगून झालं आहे. समोरच्याने ते मानलं नाही, यात सांगणाऱ्याचा दोष कसा? मन हलकं वाटायला हवं.

६ फेब्रुवारी
इंदू विहिरीवरून आली. भांडी आदळली. म्हणाली, पूनमसिंग गावभर तुमचं कौतुक सांगतो आहे आणि धनीबाई त्याच्याशी बोलणं टाकून बसली आहे. म्हणते, मोडलं तुमी अन् आता गुरुजीच्या अंगावर घालता.
मग इंदूने टीन उचलून माझ्यासमोर ठेवला. "मले यातलं काई समजत नाई. पन तुमी त्या दिवशी जेवले काहून नाई, थे समजते."
तिने डिसेंबरपासून विचारलं नव्हतं.

११ फेब्रुवारी, रविवार
पंचायतीची सभा. टीन उघडून नेला. रामलालला उमरखेडहून बोलावून घेतलं होतं, कारण माझ्या शब्दावर विश्वास बसत नाही. खरं बोललो तर.
दोन्ही दाणे विठ्ठलरावांच्या टेबलावर ठेवले. रामलालने रेडिओ उघडून रिकाम्या जागा सगळ्यांना दाखवल्या, दाणे उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, याच्यातलेच. कोणीतरी फाईल काढली. विठ्ठलरावांनी माझा अर्ज मोठ्याने वाचला, मग त्याखालची माझीच मंजुरी वाचली. लोक हसले. हसले ते बरं वाटलं, इतकंच सांगतो. मीही थोडा हसलो.
पूनमसिंग हसत नव्हता. उठून टेबलाजवळ आला. दाण्यांना हात लावला नाही, नुसते वाकून बघितले. विचारलं, "भुकंप झाला तवा हे तुमच्या घरी होते?"
होते.
"अन् तुमी आमाले पेपर वाचून दाखोला."
हो.
"धनी मले बोलली, तवा तुमी थेतच होते."
हो.
मी वाट पाहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो जाऊन धनीबाईजवळ बसला. तिने पदर तोंडाला लावला होता. मग तिने सरकून त्याच्यासाठी जागा केली.
सचिवपद गेलं, किल्ली पूनमसिंगकडे परत गेली. नवे दाणे रामलालने आणलेच होते. आपल्या दुकानात बसल्यासारखे त्याने ते सहज बसवले. एक बिडी संपायच्या आत रेडिओ बोलायला लागला. तीन महिने जे राहिलं होतं, ते एवढंच होतं.

१२ फेब्रुवारी
शाळेत पाढे घेतले. मुलं नेहमीसारखीच ओरडत होती. एकाने विचारलं, गुरुजी, ते परेडवालं आता वाजवत नाही का. म्हटलं, नाही.
मेहुण्याचं पत्र: यंत्र कसं झालं, नागपूरला घेऊन या. उत्तर लिहायला घेतलं. "तांत्रिक अडचण" इथपर्यंत आलो आणि कागद फाडला.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
चार दिवस घरातूनच बातम्या ऐकल्या. ओटा लांब नाही. इंदू म्हणाली, "कवापर्यंत असे दाराआड बसता? जा."
गेलो. बोलणं थांबलं, मग सुरू झालं. पूनमसिंगने पागोट्याच्या टोकाने रेडिओ पुसला, बटन फिरवलं. मी मागे उभा होतो. त्याने मला पाहिलं. शिक्षक उभा आहे म्हणून सवयीने त्याचा हात पुढच्या जागेकडे गेला, जणू बसा म्हणत. तिथे रेडिओ हातभर अंतरावर होता. मी बसलो.
मग त्याने रेडिओ उचलला आणि आपल्या बाजूला, दोन वीत पलीकडे, सरकवून ठेवला. रागाने नाही. चुलीजवळचं दुधाचं भांडं सरकवावं तसा.
मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले आणि बातम्या संपेपर्यंत तसाच बसलो.