शिवेवरचा कडबा

माय, तू कशी आहेस? गुडघे धरतात का अजून? अण्णांचा खोकला उतरला का? धाकटीला ऊन सोसायचं नाही, तिथं सावली आहे ना? आणि आपली तांबडी गाय? तिची लाळ थांबली का? तुम्ही सगळे जाऊन किती वर्षं लोटली, तरी तब्येती विचारल्याशिवाय हात पुढं सरकत नाही.

आज मी रागात लिहिते आहे. परवा माकणीकडं एका लग्नात एका म्हातारीनं माझी ओळख करून दिली, "ही त्या मागं बघणारीची लेक." बायका फिदीफिदी हसल्या. निजामाची मोगलाई गेली, गुरांची ती बुळकांडीसुद्धा जगातून उठली म्हणतात, आणि तुझ्यावरचा डाग तेवढा टिकला!

तो उन्हाळा आठव. रानात हिरवी काडी नव्हती. गावात बुळकांडी शिरली आणि पहिली आपली तांबडी बसली. तोंडात फोड, डोळ्यांना धार. रीत अशी, की ज्याचं जनावर आधी पडलं त्या घरच्या बाईनं त्याचं दावं आणि उष्टा कडबा टोपलीत घालायचा, वर लिंबाचा पाला टाकायचा आणि शिवेपलीकडं ठेवून यायचं. रोग पुढच्या गावाचा झाला! फक्त मागं वळून पाहायचं नाही, नाहीतर तो पाठोपाठ येतो. तू टोपली ठेवून निघालीस, मी पदर धरून चालतेय, मागं कडबा करकरतो आणि तू वळतेस.

पुढं ओढ्याकाठी हरणं मरून पडायला लागली. त्याच ओढ्यावर गावची गुरं पाणी पीत होती, तीही बसायला लागली. तू पदर खोचून चावडीवर गेलीस.

"पाटील, म्या डोळ्यानं बघितलंय. आपल्या टोपलीतला कडबा हरणं खात व्हती. तीच ओढ्यावर येत्यात. गुरं तिकडं सोडू नका."

"म्हंजे तू मागं बघितलंस?"

"बघितलं की! पर हरणाला शीव कुठं कळतीया?"

"मग तूच त्यांला शीव दावायची व्हतीस. तुला तर लई कळतंय!"

चावडी खो खो हसली. अण्णासुद्धा मान खाली घालून म्हणाले, "गप की गं."

हरणांचं कुणी ऐकलंच नाही, माय! तू वळलीस, एवढंच त्यांनी ऐकलं. गुरं त्याच ओढ्यावर गेली, मेली, आणि बंदी कुणाला, तर तुला. आडावर घागर बुडवायची नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! पलीकडचं गावही त्यांच्या टोपल्या आपल्या शिवेत आणून ठेवत होतं, त्याचं कुणाला काही नाही. हरणांना दोन्हीकडून मेजवानी.

म्हातारपणी नातीच्या पाटीवर मी अक्षरं गिरवली. मग जनावरांच्या दवाखान्यातलं एक चोपडं हाती लागलं. त्यात छापलंय, की बुळकांडी गाईची तीच हरणाची, तीच रानडुकराची. आजारी जनावराच्या उष्ट्या चाऱ्यापाण्यातून पसरते. वाचता वाचता मी मोठ्यानं शिव्या हासडल्या. नात घाबरली.

त्या लग्नात मात्र मी त्या म्हातारीला चांगलंच सुनावलं. पण परतताना शीव ओलांडली, आणि काय सांगू, माझी मान वळेना. मागं नुसता रस्ता होता, तरी मी बघितलं नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही. तुला वाचताही येत नव्हतं. तरी त्या दिवशी वळून तू काय काय पाहिलंस, ते सगळं मला कळव. तुला तेव्हा कुणी विचारलंच नाही. लवकर लिही, माय.