चौथ्या मजल्यापर्यंतचा बेस

३ फेब्रुवारी
बायको बहिणीकडे जाऊन महिना होत आला. जाताना म्हणाली, तुझ्याशी बोलणं आणि भिंतीशी बोलणं एकच. रागात माणूस काहीही बोलतो. येईल. मी अगदी शांत आहे. आज एकदाही फोन केला नाही. सकाळी लागला तो चुकून.

९ फेब्रुवारी
आयडिया! ड्रायव्हिंग स्कूलच्या ज्या गाडीवर मी शिकवतो, तिच्या डिकीत सबवूफरची पेटी बसवली. ऑडिओवाला म्हणाला, बारीक आवाज भिंतीत विरतो, बेस मात्र काँक्रीट ओलांडून लांब जातो. पुढेही काहीतरी सांगत होता. मी निघालो, मुद्दा कळला होता. मेव्हणीचा फ्लॅट मैदानापलीकडे, चौथ्या मजल्यावर. तिच्या दारात जाणार नाही. स्वाभिमान आहे. मैदानाच्या अलीकडूनच आमचं गाणं लावायचं. लग्नाआधी गाडीत कायम तेच असायचं. ओळखेल.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
लावलं. डिकीचं झाकण थरथरलं, माझ्या छातीत धडधडलं. ती खिडकीत आली! मग खिडकी लावून घेतली. डोळे भरून आले असणार.

१४ फेब्रुवारी
शिकायला येणाऱ्या बाईंनी तक्रार केली. गाणं लावलं की आरसा थरथरतो, मागचा एक ट्रक दोन दिसतो म्हणे. मालक म्हणाले, ती पेटी काढ, नाहीतर दुसरी नोकरी बघ. काढतो म्हटलं. कधी ते नाही सांगितलं.

२० फेब्रुवारी
रोज लावतो, रोज खिडकी बंद होते. म्हणजे लक्ष आहे. व्हॉल्यूम वाढवला. गाडी मैदानाच्या पलीकडे नेली. दारात नाही, गेटपाशी.

२२ फेब्रुवारी
ती खाली आली! घरातल्याच स्लिपर घालून, तावातावाने. मला बघून थबकली. म्हणाली, तू होय? आम्हाला वाटलं, मागे बोअरवेल खणतायत. म्हटलं, अगं, आपलं गाणं! म्हणाली, गाणं कुठलं, वर नुसतं धाड धाड येतं, भांडी वाजतात. म्हटलं, बस, नीट ऐकवतो. बसली. पूर्ण ऐकलं. मग समोर बघत म्हणाली, हे तुला आवडायचं रे. मला कधीच नाही. किती वेळा सांगितलं.
मी विचारलं, मग तुला कुठलं आवडतं?
माझ्याकडे वळली. म्हणाली, आता कशाला विचारतोस.
जाताना गाडीचं दार हळूच लावलं. एरवी आपटायची. राग गेलेला दिसतो. चांगलं लक्षण आहे.

१ मार्च, रविवार
साडू टेम्पो घेऊन आले. तिचं कपाट न्यायला. ती आली नव्हती. साडू खाली बघत म्हणाले, दादा, एका बाजूने धरता का जरा? धरलं. जिन्याच्या वळणावर अडकलं. मग मीच सांगितलं, थोडं मागे घ्या, आता डावीकडे, हळू, अजून हळू. कुठेही न घासता निघालं.