गिरधर सरांची पारोळ्यातली फायनल

असोदा, रविवार

ती. सौ. मेघाअक्कास,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे भूपेंद्रचा, वाकून नमस्कार (हल्ली वाकणं मनातल्या मनातच होतं). भाऊजींची शुगर आणि तुझी कंबर, दोन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालतो. भरताची वांगी पाठवतोय. पिशवीत दोन ओळी टाकाव्यात म्हणून बसलो, त्याचं हे असं लांबण लागलं.

परवा चाळीसगावला जाऊन गिरधर सरांना भेटलो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते लेकीकडेच असतात. मी शाल-श्रीफळ नेलं होतं, भाषणही पाठ केलं होतं. "असोद्याच्या मातीत फुटबॉल रुजवणारे" इथवर आलो, तोच सरांनी पोह्यांवरच्या लिंबाच्या फोडी टेबलावर मांडल्या आणि पास कुणाला देशील, असं विचारलं. मी चुकीची फोड दाखवली. सरांच्या सौ. सुंदरबाईकाकूंनी ती माझ्याच पोह्यांवर पिळली, तिथं भाषण संपलं.

मग सरांनी तुझी चौकशी केली आणि मला सगळं आठवत गेलं. चेंडू पायाला चिकटून राहावा म्हणून हा माणूस आपल्याला आबाआजोबांच्या केळीच्या बागेत पळवायचा. पान फाटलं की तो गडी बाद. (आबांना पहिल्या दिवशी चोर शिरल्यासारखं वाटलं आणि ते काठी घेऊन धावले. तेव्हा मी जन्मातला सर्वांत वेगवान खेळ खेळलो.) सरांच्या संघात कुणाची जागा ठरलेली नसे. मी एका जागी उभा राहिलो की म्हणायचे, "जागा कोनाच्या बापाची नस्ते रे भो, मोकळी दिसली का पळ." आणि तू. आबांनी कापलेला घड तू खाली न पडू देता झेललास, ते सरांनी बांधावरून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पोरांच्या संघात तुला गोलमध्ये उभं केलं. गाव हसलं. सुनंदाकाकूंनी, म्हणजे तुझ्या आईनं, तर सरांना घरी बोलावून झाडलं. सर निमूट ऐकत चहा प्यायले आणि जाताना तुझ्या बुटाचं माप घेऊन गेले.

धुळ्याची स्पर्धा तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. सेमीफायनल हरलेल्यांनी तक्रार केली आणि फायनलच्या तोंडावर मंडळाचे लोक म्हणाले, मुलगी खेळणार नाही. दुसरा गोलकीपर उभा करा, नाहीतर कप समोरच्यांना. आम्ही सगळे तुझ्याकडे न बघता सरांकडे बघत होतो. त्यांनी आवाजही चढवला नाही. "कप त्याह्यले राहू द्या. गोलकीपर आपली हाये," म्हणाले आणि आपल्याला एसटीत बसवलं.

एसटीत तू खिडकीकडे तोंड करून बसली होतीस. पारोळ्याला सरांनी अचानक सगळ्यांना उतरवलं. स्टँडजवळच्या मोकळ्या जागेत दप्तरांचे गोल केले, संघ अर्धा अर्धा वाटला आणि सांगितलं, फायनल ही. रसवंतीवाले, कंडक्टर, बाजाराला आलेल्या बाया, सगळे कडेला उभे राहिले. मला पेनल्टी मिळाली. मी सारा राग त्या चेंडूत घातला आणि तू तो घडासारखा छातीशी धरलास. अख्खा पारोळा टाळ्या वाजवत होता, मी सोडून. तू मात्र चेंडू धरून तशीच रडत बसलीस, आणि सर शिट्टी वाजवायची विसरून तुझ्याशेजारी मातीत बसले.

सर परवा म्हणाले, लोक मला हरलेल्या स्पर्धांबद्दल विचारतात, पण धुळ्यात आपण हरलोच नव्हतो. अक्का, तू एकदा जाऊन ये. तुझ्या धुळ्याहून चाळीसगाव काही लांब नाही.

भाऊजींना नमस्कार, पोरांना गालगुच्चा (नोकरीला लागली असली तरी).

तुझा,
भूपेंद्र

ता.क. खरं काम राहिलंच. माझी धाकटी भाविका गोलकीपर व्हायचं म्हणते. सरावाला रोज जळगावला जावं लागेल, आणि घरात विरोध आहे. तुझा शब्द घरात चालतो. आमच्या सौ.ला, ज्योतीला, एक फोन करशील का?

ता.ता.क. ज्योतीला करू नकोस. तिनं हातमोजे कधीच आणलेत, रिक्षाही ठरवलीय. विरोध मीच करतोय. फोन मला कर, आणि मला मध्ये बोलू देऊ नकोस.