बुडबुड्यांची नोंद

सोमवार, ३ तारीख
पोचलो. खोली झकास, खाट, टेबल, खिडकीतून थेट खारी दलदल. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला जीवाणूंच्या प्रयोगशाळेत नोंदी ठेवायला घेतलं, ते निव्वळ अक्षर वळणदार म्हणून. इथल्या प्रमुख बाई चहा पितानाही हातमोजे काढत नाहीत. त्यांनी समजावलं: सांडपाण्यातून येणारं नायट्रेट चिखलातले जीवाणू खातात, त्याचा नायट्रोजन वायू करून सोडतात, म्हणून खाडी स्वच्छ राहते. हवा लागली की काम ठप्प. मी काचनळ्यांतले बुडबुडे मोजायचे. माझे विद्यार्थी असे असते तर! दिलेलं पचवतात तरी.

ताईला अकरा पानी पत्र टाकलं. दर पानाला जिभेवर बोट ओलं करून उलटेल. चाळीस वर्षं चिडवतोय, सुधारत नाही.

बुधवार, ५
यंत्राने चिखलाचे थर मोडतात. म्हणून चिखलपाणी बारीक नळीने, तोंडाने ओढायचं आणि ओठांपासून दोन बोटांवर थांबायचं, असा इथला शिरस्ता. मी थांबलो नाही. घोटभर गेलं. नासकं अंडं, गंजका खिळा आणि कोमट शेंबूड यांचा द्वंद्व समास. बाई म्हणाल्या, पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं, फक्त चूळ भरू नका.

शनिवार, ८
अन्न नको वाटतं. दलदलीच्या वासाचे ढेकर, आज चाळीस. सवयीने मोजले. आंघोळीत अंगठ्याचं नख सायीसारखं सुटून आलं. खाली मांस नाही, राखाडी गाळ. दाबला की बुडबुडा येतो.

सोमवार, १०
बाईंनी हातमोजे काढले. दहाही बोटं राखाडी. म्हणाल्या, एवढं काय त्यात, नखं, केस, मांस, सगळ्यात नायट्रोजन असतोच की; नळीपेक्षा माणसात जीवाणूंचं बरं चालतं. तोंड तेवढं मिटून ठेवा.

ताई रविवारी इथे यायची आहे. येऊ नकोस म्हणून घाईने कळवलं. थोडक्यात लिहिणं जमत नाही, पाच पानं झाली. मध्येच खोकला आला, पानांवर काळी लाळ — पुसली. कागद संपलेले. तसंच टपालात टाकलं.

बुधवार, १२
हवेने जीवाणूंचं काम ठप्प होईल म्हणून खिडकीशी आ वासून उभा राहिलो. जबडा आपोआप मिटला. दात सुटतायत. दोन गिळले.

शुक्रवार, १४
ताईचं उत्तर. लिहिते, बरं बाबा, नाही येत, पण किती गबाळा रे तू, पानं चिकटलेली, दर पानाला दोनदा बोट चाटावं लागलं, तोंडाची ती घाण चव जाता जात नाही. अन्न नको झालंय. आणि खाली — अंगठ्याचं नख —

ताई, माझी ताई —

शनिवार
तिला लिहायला बसलो. तोंड उघड, हवा घे, एवढंच लिहायचं होतं. कागदावर उमटलं — तोंड मीट. ये. चिखल कोमट आहे.

अक्षर माझंच. वळणदार. बाई पाकीट घेऊन उभ्या. नका, म्हणायला तोंड उघ—