‘हुगळीकाठ’ नूपुरच्या हवाली

मी, श्रीमती प्रेमलता विनायक उकिडवे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, रेल्वेच्या गार्डन रीच येथील मुख्यालयातून वेळापत्रक शाखेची अधीक्षक म्हणून निवृत्त, राहणार बेहाला, कोलकाता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि सकाळचा दुसरा चहा घेऊन झाल्यावर लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ऐकू थोडे कमी येते, पण त्यामुळे नुकसानापेक्षा फायदाच जास्त झाला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे पती कै. विनायक हे फोर्ट विल्यममध्ये लष्कराच्या कचेरीत मुलकी नोकर होते. बदलीचा विषय निघाला की दर वेळी ‘पुढच्या वर्षी पुण्याला जाऊ’ म्हणत आम्ही इथेच सत्तेचाळीस वर्षे काढली. आम्ही दोघांनी मिळून घेतलेला हा फ्लॅट आणि बँकेतील शिल्लक माझा मुलगा मंदार व मुलगी अनुजा यांना समसमान मिळावी. दागिने अनुजाला. स्वयंपाकघरातले बिडाचे तवे मात्र मंदारला द्यावेत, कारण घावन त्यालाच जमते.

कलम २. आता माझ्या खऱ्या मिळकतीविषयी.

निवृत्त झाले त्या वर्षी, म्हणजे २०११ साली, मी ‘हुगळीकाठ’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. बदली होऊन किंवा नोकरीनिमित्त कोलकात्यात आलेल्या मराठी माणसांनी एकमेकांना विचारावे, सांगावे, गप्पा माराव्यात, एवढाच हेतू. सियालदहच्या घाऊक बाजारात ताजा नारळ कोणत्या वेळी मिळतो इथपासून मुलांना मराठी कसे शिकवावे इथपर्यंत सगळे तिथे चाले.

लोकांनी भरपूर लिहावे म्हणून मी एक चूक केली. जो जास्त वेळा लिहील त्याच्या नावापुढे तारे लावायला लागले. एका सभासदाने एकाच दिवसात एकशे चार ठिकाणी ‘छान’ असे लिहून सोनेरी तारा मिळवला. मी हसले, आणि तारे तसेच ठेवले. हसायला नको होते. काही वर्षांत तिथे ‘छान’, सुप्रभातची फुले आणि कुठून तरी आलेले आरोग्याचे सल्ले एवढेच उरले. ज्यांना खरोखर काही माहीत होते ते गप्प बसले.

कलम ३. मार्च २०१९ मध्ये नूपुर हळबे या मुलीने एक प्रश्न टाकला. ती इथेच वाढलेली, एका आयटी कंपनीत नोकरीला. तिचे वडील मधुकर यांना पक्षाघात झाला होता आणि त्या आजारपणात त्यांची हिंदी, बंगाली, इंग्रजी सगळी पुसली जाऊन फक्त मराठी राहिली होती. तिने लिहिले होते: ‘बाबाला दुखतो. तो कधी कळ बोलतो, कधी ठणका, कधी चमक. हे सगळा वेगळा आहे का? नर्सदीदीला बंगालीत कसा सांगायचा?’

पहिले उत्तर आले ते श्री. जयप्रकाश केळशीकर यांचे. ते बँकेतून व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले आणि सर्वांत जास्त तारे असलेले सभासद. त्यांनी तिच्या मजकुरातल्या व्याकरणाच्या चुका क्रमाने लिहून काढल्या. मग तिची बाजू घेणारे आले, त्यांचे म्हणणे खोडणारे आले, मराठी बुडाली म्हणणारे आले. त्रेचाळीस उत्तरे झाली. प्रश्नाचे उत्तर एकातही नव्हते. नूपुरने आपले नाव काढून घेतले.

मी हे दोन दिवसांनी वाचले. मला इतकी लाज वाटली की मी संकेतस्थळच बंद करायला बसले होते. त्याआधी एकदा नूपुरला फोन केला.

ती म्हणाली, “काकू, मी मराठी चुकीचा बोलते, मला माहीत आहे. पण मी परीक्षा द्यायला नव्हती आली. बाबा दिवसभर विव्हळतो.”

मग मी केळशीकरांना फोन लावला.

“वहिनी, चूक ती चूक,” ते म्हणाले. “मी काय खोटं लिहिलं?”

“काहीच नाही. पण जयप्रकाशराव, तुम्ही तीस वर्षं बंगाली गिऱ्हाइकांशी बोललात. ठणक्याला बंगालीत काय म्हणतात?”

त्यांनी ‘ठणका, ठणका’ असे दोनदा स्वतःशीच म्हटले.

“विचारून सांगतो,” ते म्हणाले. त्यांचा आवाज बराच खाली आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी शेजारच्या बंगाली कंपाउंडरला समोर बसवून एकतीस शब्दांची यादी केली. ठणका म्हणजे ‘दपदप’, चमक म्हणजे ‘चिडिक’, पोटात पीळ पडणे म्हणजे ‘मोचड’. प्रत्येक शब्दापुढे ते दुखणे कसे असते तेही त्यांनी लिहिले. ज्याविषयी खात्री नव्हती तिथे ‘खात्री नाही’ असे लिहिले. त्यांच्याकडून हे दोन शब्द मी पहिल्यांदाच वाचले. यादीखाली एक ओळ होती: ‘नूपुर, आधी हे द्यायला हवे होते. माफ कर.’

मी ती यादी नूपुरला पाठवली आणि तिने ती बंगाली अक्षरांत उतरवून रुग्णालयात वडिलांच्या खाटेशी लावली. नर्सने ती वाचली, मधुकररावांच्या खांद्याला हात लावला आणि ‘चिडिक’समोरचा मराठी शब्द वाचून विचारले, “चमक?” ते म्हणाले, “चमक! चमक!” आणि रडायला लागले. त्यांना उठवताना लुळ्या हाताला धरून ओढले जात होते, हे त्या क्षणी सगळ्यांच्या लक्षात आले. त्या दिवसापासून त्यांना पाठीखाली हात घालून उठवू लागले. दीड महिन्याने ते काठी टेकत घरी गेले. आज ते माझ्यापेक्षा भरभर चालतात.

कलम ४. त्याच आठवड्यात मी सगळे तारे काढून टाकले. पाच जण रागावून गेले. त्यांना माझ्या शुभेच्छा.

तेव्हापासून ‘हुगळीकाठ’वर आधी प्रश्नाचे उत्तर, मग बाकीचे. आपण सांगतो ते स्वतः पाहिले, केले की नुसते ऐकले, हे ज्याने त्याने लिहायचे. कोणाचे लेखन काढावे लागले तर आधी त्याला फोन करायचा. बहुतेक माणसे फोनवर बरी असतात. आणि दर रविवारी, ज्याच्या उत्तराने कोणाचे तरी काम झाले, त्याला मी हाताने पत्र लिहिते: तुमच्या उत्तरातले नेमके काय उपयोगी पडले, कोणाला, कसे. कोणी ते पत्र चौकटीत लावले आहे, म्हणे. तारा कोणी लावला नव्हता.

संकेतस्थळ, त्याचे नाव, परवलीचे शब्द, माझा संगणक आणि पत्रांचे कोरे कागद मी नूपुर हळबे हिला देते. ती परत आली, सहा वर्षे माझ्या बरोबरीने हे सांभाळते आहे, आणि तिची मराठी अजूनही चुकते. तिने ती सुधारावी अशी अट मी घालत नाही. मी मरेपर्यंत तिने थांबावे अशीही घालत नाही. परवाच सगळे तिच्या ताब्यात दिले आहे.

कलम ५. श्री. केळशीकरांवर माझे दोन राग होते. पहिला केव्हाच फिटला. दुसरा असा की, गणपतीत माझ्या उकडीच्या मोदकाला त्यांनी चारचौघांत ‘गोड मोमो’ म्हटले. तो राग कायम आहे व तो माझ्या वारसांनी पुढे चालवावा.

कलम ६. चौदा वर्षे मी इतरांचे प्रश्न निवडले, सांभाळले. स्वतः एकही विचारला नाही. सगळे हवाली करून मोकळी झाल्यावर काल पहिल्यांदा साधी सभासद म्हणून लिहिले: ‘चौऱ्याहत्तराव्या वर्षी सायकल शिकता येईल का? लहानपणी राहून गेली.’

संध्याकाळपर्यंत एकोणीस उत्तरे आली. कोणी गुडघ्यांचा व्यायाम सांगितला, कोणी सीट किती खाली घ्यायची ते. भाग्यश्री आगाशे यांनी, ज्यांना मी एकदाही भेटलेले नाही, फक्त एवढेच लिहिले: ‘मी एकसष्टाव्या वर्षी शिकले. रविवारी सकाळी सात वाजता फोर्ट विल्यमजवळच्या मैदानावर या. सायकल माझी, मागून धरायलाही मीच.’

उद्या रविवार आहे. म्हणून हे सगळे आज लिहून, वाचून, समजून खाली सही करत आहे.

(सही) प्रेमलता विनायक उकिडवे

आम्हा दोघांच्या समक्ष श्रीमती उकिडवे यांनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या आणि घाईत होत्या.

साक्षीदार १: (सही) डॉ. सुश्रुत देवस्थळी, बेहाला
साक्षीदार २: (सही) अनुराधा चक्रवर्ती, शेजारी, बेहाला

स्थळ: कोलकाता
दिनांक: शनिवार, १७ जानेवारी २०२६