कच्चा रस बंदी समितीचा अध्यक्ष

२ जानेवारी
आज एकमताने अध्यक्ष झालो. एकमत म्हणजे माझं मत. बाकीचे चहा पीत होते, पण विरोध कोणी केला नाही. कच्चा रस बंदी समिती हे नावही माझंच.

डॉक्टर फरजानाबाई ढाक्याहून आल्या आहेत. त्यांनी शाळेच्या पटांगणात सगळं समजावलं. रात्री मोठी वटवाघळं खजुराच्या झाडावर येतात, खोडाला पाडलेल्या छेदातून झिरपणारा रस चाटतात आणि जाता जाता खाली बांधलेल्या मडक्यात मुततात. त्यांच्यापैकी काहींच्या अंगात निपाह नावाचा विषाणू असतो. त्यांचं काही बिघडत नाही. आपण मात्र पहाटे तोच रस कच्चा प्यायलो, की ताप थेट मेंदूत जाऊ शकतो. मग एका माणसाकडून दुसऱ्याला. एखाद दिवशी एका मडक्यातून निघून जगभर. रस उकळला, गूळ केला, की भीती नाही.

केरामत म्हणाला, आमचे बापजादे कच्चाच प्यायचे. केरामतचं चहाचं दुकान आहे. शाळेत एका बाकावर होतो, तेव्हापासून तो माझ्या प्रत्येक वाक्याला आडवा जातो. मी विचारलं, मग आता कुठे आहेत तुझे बापजादे? सभा हसली.

संकल्प: या हिवाळ्यात कच्च्या रसाचा थेंब नाही. गावात कोणी नाही, मी तर नाहीच.

३ जानेवारी
शिउली बाळंतपणाला माहेरी आली. पहिलटकरीण आहे. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, अब्बा, रस कुठाय? तीन महिने स्वप्नात एकच पेला दिसतोय म्हणे. अध्यक्षाच्या नात्याने नकार दिला. वटवाघळाच्या मूत्राशयापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. शिउली रडली. जोबेदा म्हणाली, अहो, पोरीला नाही म्हणायचं तर नुसतं नाही म्हणा, सभा कशाला भरवता.

मग रस उकळून दिला. म्हणाली, हा काय रस आहे, हे तर गुळाचं पाणी. पण बाळासाठी प्यायली. गुणी पोर आहे.

बाळाच्या कानात पहिली अजान मीच देणार, हे पक्कं. कालपासून आवाजाचा सराव सुरू. जोबेदा म्हणते, बाळाच्या कानात द्यायची आहे, नदीपलीकडे नाही.

५ जानेवारी
गावातल्या खजुरांना झापडं बसवली. रस काढणारा गोफूर बांबूच्या काड्या विणून घागऱ्यासारखं झापड करतो, ते छेद आणि मडकं दोन्ही झाकतं. मी खालून सूचना दिल्या. गोफूर वरून म्हणाला, मास्तर, जरा बाजूला व्हा, कोयता निसटतो कधी कधी.

एकच झाड उघडं ठेवायचं होतं, वटवाघळं येतात ते टिपायला. मी आमच्या परसातलं बुटकं झाड देऊ केलं. गावासाठी एवढं तर केलंच पाहिजे. त्याचा रस गोफूरने वेगळा काढून फेकायचा आहे. बाईंनी समोर कॅमेरा बांधला. म्हणाल्या, उष्ण अंगाचं काहीही जवळ आलं की हा आपोआप सुरू होतो. वटवाघळाचं अंग उष्ण असतं, ही माहिती मला नवीन होती. भाषणात घालणार.

८ जानेवारी, पहाटे
झाडाची पाहणी केली. अध्यक्षाचं कामच आहे ते. धुकं इतकं, की स्वतःचा हात दिसेना. मडकं काठोकाठ. वास आला. फक्त वास घेतला. वासाने निपाह होत नाही, असं बाई बहुतेक म्हणाल्या होत्या.

९ जानेवारी
अजानच्या सरावाने घसा कोरडा पडला होता. एक घोट. घोटाला पिणं म्हणत नाहीत, चव पाहणं म्हणतात. ज्या वस्तूवर बंदी घालायची, ती अध्यक्षाला ठाऊक नको?

लगेच वरून कडक चहा घेतला. म्हणजे रस उकळलाच की. फक्त पोटात उकळला.

१० जानेवारी
बाजाराच्या दिवशी भाषण केलं. बरं झालं. एक म्हातारी रडली, पण तिचं बदक हरवलं होतं असं नंतर कळलं. केरामतने दुकानावर पाटी लावली आहे: इथे मास्तरांच्या परवानगीने पाणी मिळेल.

गावातले निम्मे अजून चोरून कच्चाच पितात. गोफूर म्हणतो, पहाटे झापडं बाजूला सारलेली दिसतात. लोकांना शिस्त नाही. मन फार खिन्न झालं.

११ जानेवारी
खूप विचार केला. विषाणू आहे म्हणजे त्याला काहीतरी वजन असणार. वजन असेल तर तो तळाला बसणार. तेव्हा वरचा थर निर्धोक. पपईच्या पानाचा पोकळ देठ घेऊन, स्टुलावर उभा राहून, फक्त वरचा थर घेतला. लहानपणी मी आणि केरामत लोकांच्या झाडांवरचा रस असाच चोरायचो. आज मात्र हेतू शास्त्रीय होता.

वरचा थर संपला की खालचा थर वर येतो. यावर अजून विचार करायला हवा.

१४ जानेवारी
पौषाची संक्रांत. घरात पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड उंडे, वाफवले. शिउली म्हणाली, अब्बा, आज सणाचा तरी, अर्धाच पेला. मी तिला जवळ बसवून सांगितलं, बाळा, तुझ्या एका पेल्यात तुझ्या बाळाचा जीव आहे. ती आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, तुमच्या मफलरला रसाचा वास कसा येतो? हा निळा मफलर तिनेच विणलेला. म्हटलं, गुळाच्या कढईपाशी बसलो होतो. कढई सकाळपासून चढलीच नव्हती, हे जोबेदाने तिथल्या तिथे सांगितलं. या घरात अध्यक्षपदाचा मान कोणी ठेवत नाही.

संकल्प: उद्यापासून खरंच बंद.

१५ जानेवारी
परवापासून बंद.

१७ जानेवारी
बाई कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन गेल्या. उद्या पटांगणात चादर बांधून फिल्म दाखवणार. मी स्वतः घरोघरी जाऊन निमंत्रणं दिली. गावचे चेअरमनसाहेबही येणार आहेत. केरामतसाठी मुद्दाम पुढची खुर्ची ठेवायला सांगितली. स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.

१८ जानेवारी
लिहायची इच्छा नाही.

१९ जानेवारी
काल सगळं गाव जमलं होतं. मी प्रास्ताविकात म्हणालो, आता तुम्हाला खरा गुन्हेगार दिसेल. दिवे मालवले. चादरीवर वटवाघूळ आलं. चांगलं हातभर पंखांचं. रस चाटला, मडक्याच्या काठावर लोंबकळलं, आणि बाई म्हणाल्या होत्या ते सगळं अगदी स्वच्छ केलं. बायका तोंडाला पदर लावून ई करून ओरडल्या. मी म्हणालो, पाहा, आणि हेच तुम्ही पिता.

फिल्म तिथेच थांबायला हवी होती. पण कॅमेरा उष्ण अंगाच्या कुठल्याही प्राण्यासाठी सुरू होतो.

चादरीवर आधी एक स्टूल आलं. मग निळा मफलर. मग पपईचा देठ. त्याच मडक्यात. पहिल्यांदा कोणीच हसलं नाही, कारण वटवाघूळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताजं होतं. मग चादरीवरचा मी तोंड पुसून अजानचा सराव करू लागलो, आणि पटांगण हसून फुटलं. चेअरमनसाहेब हसता हसता खुर्चीवरून खाली आले. मी उभा राहून सांगितलं, की हे प्रात्यक्षिक होतं. त्यावर दुसऱ्या दिवशीची फिल्म सुरू झाली. मग तिसऱ्या.

शिउली हसली नाही. जाताना एवढंच म्हणाली, मी अर्ध्या पेल्यासाठी रडत होते, अब्बा.

२० जानेवारी
बाईंनी रक्त घेतलं. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. प्रत्येक वटवाघळात विषाणू असतोच असं नाही, पण ताप, डोकेदुखी यांवर तीन आठवडे लक्ष ठेवायचं. घरात पोटुशी मुलगी आहे, तेव्हा लांबच राहा म्हणाल्या. जोबेदाने माझी खाट बाहेरच्या खोलीत टाकली. माझं ताट वेगळं, पेला वेगळा, मफलर चुलीत.

मुक्काम तात्पुरता आहे. एकांतात भाषणांचं पुस्तक लिहून काढणार.

२३ जानेवारी
डोकं दुखतंय. जोबेदा म्हणाली, चष्मा न लावता लिहीत बसल्यावर दुखणारच. तरी मला भीती वाटली. खूप वाटली. स्वतःसाठी थोडी. जास्त याची, की संक्रांतीला शिउलीच्या पानातला पिठा मी उष्ट्या हाताने उचलला होता.

चष्मा लावला. दुखायचं थांबलं.

२७ जानेवारी
मुलगी झाली. आई आणि बाळ सुखरूप. रडण्याचा आवाज भिंतीतून ऐकला. घसा खणखणीत आहे, माझ्यावर गेली.

जावई अजून पोचला नव्हता आणि पुरुषमाणूस जवळ हवा, म्हणून जोबेदाने केरामतला बोलावलं. अजान त्याने दिली. मी भिंतीला कान लावून ऐकली. हळू दिली, बरी दिली. नंतर खिडकीपाशी मिठाई ठेवून म्हणाला, मास्तर, रडतोस काय, घे, रसगुल्ला उकळलेलाच असतो.

१ फेब्रुवारी
अंगणात पोरं नवीन खेळ खेळतात. एक जण मडकं होतो, एक वटवाघूळ, एक मास्तर. मास्तर व्हायला कोणी तयार नसतं, चिठ्ठ्या टाकतात. गोफूर सांगत होता, त्या फिल्मपासून गावात कच्चा रस मागायला एक माणूस आलेला नाही. झापडं जागची हलत नाहीत. केरामतसुद्धा उकळून पितो. म्हणजे मोहीम शंभर टक्के यशस्वी. बारकावे सोडले, तर अध्यक्षाच्या नेतृत्वाखाली.

तिन्हीसांजेला खिडकीत पेला ठेवलेला दिसला. उकळलेला रस, अजून गरम. शिउलीच ठेवून गेली असणार. आलं किसून घातलं होतं.

१० फेब्रुवारी
सुटलो. रक्त स्वच्छ, ताप नाही. बाई आल्या होत्या. म्हणाल्या, मास्तर, तुमची परवानगी असेल तर ही मोहीम आसपासच्या सगळ्या गावांत न्यायची आहे. मी म्हणालो, भाषणं तयारच आहेत, आधी कुठल्या गावाला निघायचं? बाईंनी आपली पिशवी आवरली. मग म्हणाल्या, तुम्ही त्रास घेऊ नका, फिल्म पुरेशी आहे.

मग आतल्या खोलीत गेलो. हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले, बाळासाठी ओंजळ पुढे केली. शिउलीने बाळ उचललं, माझ्याजवळ आली, आणि आधी माझ्या तोंडाचा वास घेतला.

मी सकाळपासून फक्त चहा घेतला होता. तरी तिने दोनदा घेतला, मगच बाळ दिलं.