आईची गाडी चढावर अडली त्याबद्दल

पिंगतुंग
२३ नोव्हेंबर, रविवार

तीर्थरूप आ-तिएन मामांना वेन-छीचा वाकून नमस्कार.

आज सकाळी आईच्या अस्थी शहरातून हलवून डोंगरावरच्या अस्थिगृहात ठेवल्या. मी, हुई-चू आणि पाओ-लिएन आत्या असे तिघे होतो. हवा कोरडी होती. वाटेत गाडी बंद पडली. दुपारी घरी आलो.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. एवढं लिहून मी पत्र पाकिटात घातलं असतं. पण आत्यांनी घरी येताच चपला काढायच्या आधी फोन हातात घेतला आहे, आणि तेव्हापासून आजची हकीकत त्या एकेका नातेवाइकाला सांगत आहेत. दर फोनला ती थोडी वाढते. (आत्ताच कानावर आलं त्याप्रमाणे मी पुलावर गुडघे टेकून रडलो. मी रडलो नाही. गुडघे टेकले होते, पण ते चाकाखालचा दगड काढायला.) तुम्ही फोन उचलत नाही, ही गोष्ट आज प्रथमच मला सोयीची वाटली. माझं पत्र आधी पोचावं अशी आशा आहे.

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आता बरेच दिवस झाले. सूज उतरली का? जिना चढता का? डॉक्टरांनी बंदी घातली असूनही तुम्ही पपईच्या बागेत जाता असं मामींनी हुई-चूला कळवलं. मी काही म्हणत नाही. आपल्याकडे वर देव आणि खाली मामा, असं म्हणतात, आणि देवाला काठी घेऊन चाला असं कोण सांगणार?

पण ही नुसती म्हण नाही, हे आई गेली तेव्हा मला कळलं. तुम्ही येऊन तिचा चेहरा पाहिल्याशिवाय शवपेटीचं झाकण लागलं नाही. तुम्ही आलात, पाहिलंत, मान हलवलीत, आणि घरचा चहा न घेता परत गेलात. चहा का घेतला नाहीत ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या लेकी माहेरी जातात, आणि आई लागोपाठ दोन वर्षं आली नाही. तुमच्या डोंगरावर गाडी चढत नाही, असं तिने फोनवर सांगितलं. तुम्ही म्हणालात, मन चढत नसेल. मग तुम्ही तिचा फोन घेणं सोडलंत. त्या दिवशी मी दर वर्षी हुई-चूच्या माहेरी जेवत असतो, त्यामुळे तुमच्या दोघांच्या भांडणात माझं मत कुणी विचारलं नाही आणि मीही दिलं नाही. आज जे झालं त्यानंतर तुम्ही आमच्यावर आणखी रागवाल, की उरलासुरला राग सोडाल, ते मला सांगता येत नाही. म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहितो.

आईला तिच्याच गाडीतून न्यायचं हे आत्यांनी ठरवलं. हुई-चू गाडी चालवत होती. मी मागे अस्थिकलश मांडीवर घेऊन आणि हातात पेटती उदबत्ती धरून बसलो. शेजारी आत्या कलशावर काळी छत्री धरून बसल्या. गाडीच्या आत छत्री कशाला, असं हुई-चूने विचारलं, कारण तिला आरशात छत्रीशिवाय काही दिसत नव्हतं. “अगं, काचेतून ऊन येतं ना!” असं आत्या म्हणाल्या. पायाशी नैवेद्याची टोपली होती. तीत आईच्या हातची नव्हे पण तिच्याच पद्धतीने हुई-चूने केलेली मुळ्याची वडी होती, फळं होती, आणि बदकाची उकडलेली अंडी होती.

तुम्हाला सांगायला नको की वाटेत पूल, बोगदा, मोठं वळण, काही आलं की मुलाने मोठ्याने हाक मारून सांगायचं असतं. आई, पूल आला, सांभाळून ये. नाही सांगितलं तर गेलेलं माणूस गोंधळतं आणि मागे राहतं. माझ्या आवाजाबद्दल तुम्हाला कल्पना आहे. ऑफिसात मी फोन घेतला की पलीकडची माणसं लाइन तुटली असं समजून ठेवून देतात. नदीवरचा मोठा पूल आला तेव्हा मी हाक मारली. निदान माझ्या मते मारली.

पूल संपून चढ लागला आणि गाडीचा जीव गेला. हुई-चू ॲक्सिलरेटर दाबत होती, इंजिन कण्हत होतं आणि वेग कमी कमी होत होता. पाठीवर कोबीची पाटी घेतलेली एक म्हातारी आमच्या पुढे निघून गेली, आणि जाताना तिने खिडकीतून कलशाला नमस्कार केला. मग पायाखालचा पत्रा तापू लागला आणि सडक्या अंड्यांचा वास आला. आत्यांनी टोपलीकडे पाहिलं, मग हुई-चूकडे. अंडी कालच आणली होती असं हुई-चूने सांगितलं. त्यावर आत्या म्हणाल्या, तू कधी आणलीस ते सोड, बदकाने कधी घातली ते दुकानदाराला विचार. आणि मग त्या माझ्याकडे वळल्या.

“अरे, तू पुलावर हाक मारलीस का?”

मारली, असं मी म्हणालो.

“मी तुझ्या मांडीला मांडी लावून बसलेय. मला ऐकू आली नाही. तिला तर जिवंतपणी ऐकू येत नव्हतं!”

हुई-चू म्हणाली, “आत्या, गाडीचा सायलेन्सर चोंदलाय बहुतेक.”

“तू सायलेन्सरचं काय सांगतेस, इथे माणूस मागे राहिलंय!”

आम्ही गाडी वळवली. उतारावर ती अशी पळाली की आत्यांनी छत्रीची मूठ माझ्या गुडघ्यावर आपटली. बघ, तिला आणायला निघालो तर कशी धावते! उतारावर हातगाडीसुद्धा धावते हे मला म्हणता आलं असतं.

पुलाच्या कठड्यावर चार-पाच जण गळ टाकून बसले होते. मी कलश घेऊन उतरलो, आत्या छत्री घेऊन मागे. मी हाक मारली. एक गळवाला म्हणाला, “साहेब, जरा जोरात मारा, खाली पाण्याचा आवाज आहे.” मी पुन्हा मारली. दुसरा म्हणाला, आमचे मासेसुद्धा बिचकले नाहीत. आत्यांनी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी त्या लोकांनाच माझी दया आली. गळ बाजूला ठेवून सगळे उभे राहिले आणि नदीकडे तोंड करून ओरडू लागले, “आजी, चला! पोरगा न्यायला आलाय! गाडीत बसा!” त्यांच्या आवाजात आवाज मिसळून मीही ओरडलो, आणि इतक्या लोकांत आपला आवाज आपल्यालाच ओळखू येत नाही म्हणून जरा जास्तच ओरडलो. आत्यांनी खुश होऊन त्यांना बदकाची अंडी वाटली. त्यांनी ती सोलून खाल्ली आणि छान आहेत म्हणाले. हुई-चू गाडीत बसून हे पाहत होती. तिने हॉर्न वाजवला.

मी गुडघे टेकून चाकाखाली अडकलेला दगड काढला आणि थोडी थंडावलेली गाडी परत चढू लागली, तेव्हा आत्यांचा चेहरा मला पाहवेना, इतका तो समाधानी होता. पण गाडी चढली ती वाटेवरच्या शे मिस्त्रीच्या गॅरेजपर्यंतच. तिथे ती दारातच उभी राहिली.

शे मिस्त्री बनियनवर होता. गाडीत कोण आहे ते पाहताच आत जाऊन शर्ट घालून आला. मग हात जोडून कलशाला म्हणाला, “काकू, जरा खाली उतरावं लागेल. गाडी वर उचलायची आहे. त्रासाबद्दल माफ करा.” आईला त्याच्या चहाच्या टेबलाशी चांगल्या खुर्चीवर बसवलं. त्याने तिच्यापुढे चहा ठेवला, आमच्यापुढे नंतर. मग गाडी उचलली, खाली उभं राहून सायलेन्सरच्या आधीच्या डब्यावर रबरी हातोडी मारली, आणि आत काहीतरी खडखडलं. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि इंजिनाचा धूर तिच्यातून बाहेर पडतो. ती काजळीने बुजली होती. धुराला जायला वाट नाही म्हटल्यावर इंजिनाचा श्वास कोंडतो. अंड्यांचा वास त्याचाच.

ही गाडी कुठे कुठे जाते, असं त्याने विचारलं. घर ते बाजार, बाजार ते घर, असं हुई-चूने सांगितलं. मग बरोबर, तो म्हणाला. गाडी तापायच्या आत बंद होते, त्यामुळे काजळी जळतच नाही, साठत जाते. हे काही आजकालचं नाही, दोन-तीन वर्षांचं आहे. सपाटीला चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. चढाला मात्र ही गाडी कधीच आली नसती.

आत्या तेव्हा हात धुवायला गेल्या होत्या. हुई-चूने माझ्याकडे पाहिलं. मी आईपुढच्या चहाकडे पाहिलं.

नवा डबा आज मिळणार नव्हता आणि मुहूर्त टळत आला होता. मिस्त्रीने डब्याच्या पुढचा जोड ढिला केला, धूर तिथूनच बाहेर जाऊ दे म्हणाला. आत्यांनी परत आल्यावर विचारलं, मग माझ्या वहिनी मागे राहिल्या होत्या की नाही? तो भला माणूस आहे. म्हणाला, “मावशी, दोन्ही करा. जोड मी ढिला केलाय, हाका तुम्ही मारा.”

त्यानंतर गाडी चढली. पण असा आवाज करत चढली, जणू भाताच्या खाचरात एकाच वेळी चार ट्रॅक्टर सोडलेत. त्या आवाजावर हाक ऐकू जायची तर ओरडायलाच हवं. डोंगरावर वळणं किती आहेत तुम्ही जाणता. आई, डावीकडे! आई, उजवीकडे! आई, पुन्हा डावीकडे! मी काच खाली करून ओरडत होतो आणि हुई-चू हसत होती, रडतही असावी, छत्रीमुळे मला दिसलं नाही. अस्थिगृहाच्या अंगणात दुसऱ्या एका कुटुंबाचं मंत्रपठण चालू होतं. ते थांबलं. सगळे पायऱ्यांवर येऊन आमच्याकडे बघत राहिले, आणि इंजिन बंद झाल्यावरही माझ्या तोंडून एक “आई, पोचलो!” तसंच मोठ्याने निघालं. मामा, इतकी लाज मला शाळेतही वाटली नव्हती.

पोचलो खरे, पण आई पोचली का ते विचारायला हवं. बशीत दोन नाणी टाकून कौल लावला. एक छापा आणि एक काटा म्हणजे होय. दोन्ही छापे पडले. पुन्हा टाकली, दोन्ही काटे. आत्यांनी विचारायला सुरुवात केली. वहिनी, दमलात का? नाही. फुलं आवडली नाहीत का? नाही. ती अंडी मी वाटली म्हणून राग आला का? (हे त्यांनी हळू विचारलं.) नाही. पुलावरच आहात का? नाही. मागचे लोक आपली पाळी येण्याची वाट बघत होते. तेव्हा मी विचारलं, आज माझा आवाज मोकळा झालेलाच होता. आई, माहेरी गेलीस का?

होय. पुन्हा, होय. आणि तिसऱ्यांदाही होय.

आत्या अजून या कौलाविषयी फोनवर कुणाला सांगत नाहीत. तिथल्या माणसाने मुहूर्त टळतोय असं सांगितलं आणि कलश कप्प्यात ठेवला. पूल ओलांडल्यावर एक रस्ता अस्थिगृहाकडे जातो आणि एक तुमच्याकडे, हे तुम्हाला माहीतच आहे.

मामींना नमस्कार. गुडघ्यावर भार देऊ नये.

तुमचा,
वेन-छी

ता. क. माझी विनंती अशी. तुम्ही तुमच्या देवघरात दोन नाणी टाकून विचाराल का, आई तिथे आली आहे का? आली असेल तर परत पाठवण्याची घाई करू नका. तिच्या वडीत तुम्हाला मिरी जास्त लागते असं ती सांगायची. आणि शे मिस्त्री काय म्हणाला ते वर लिहिलं आहे, ते एकदा पुन्हा वाचा.

ता. क. २. तिसऱ्या कौलाला दोन्ही काटे पडले होते. बशी माझ्या बाजूला होती आणि आत्या चष्मा पुसत होत्या. एक नाणं मी अंगठ्याने उलटलं. आईच्या पुढ्यात असं कुणी करत नाही. दिवसभरातल्या ओरडण्याची लाज या एका गोष्टीपुढे काहीच नाही. तेव्हा ती तुमच्याकडे खरोखर आली आहे की नाही, मला माहीत नाही. तुम्ही विचाराल तेव्हा नाण्यांना हात लावू नका. नाही असा कौल आला तर कळवा. शनिवारी नवा डबा बसणार आहे, मग पेटती उदबत्ती धरून, हाका मारत मी तिला घेऊन तुमच्याकडे वर येतो. चहा मात्र तुम्ही आधी तिच्यापुढे ठेवा.

हुई-चू आत्यांना बसवर सोडायला गेली आहे. पत्र बंद करून मी तांदूळ धुवायला घेतो.